दुप्पट करा, शेजारी शोधा

लांजेवार सर गणिताचे शिक्षक होते आणि माणसं मोजायला ते साफ नकार देत. वर्गात किती मुलं आलीत असं विचारलं, की ते बाकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. वर पंख्याकडे बघत म्हणायचे, "मोजत नाही जी मी. काढून सांगतो."

हे काढून सांगणं म्हणजे काय, ते मला त्यांच्या पहिल्याच दिवशी कळलं. स्वारगेटजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. आयटी कंपन्या तेव्हा कॉलेजांमधून मुलं घाऊक भावात उचलत होत्या, आणि उचलण्याआधी त्यांची एक परीक्षा घेत. त्या परीक्षेची तयारी आम्ही करून घ्यायचो. मी इंग्रजी शिकवायचे, म्हणजे मुलाखतीत खुर्चीवर कसं बसायचं, इथपासून सगळं. मालक शितोळे हडपसरचे. त्यांच्या उसाच्या रानावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. "रान कंपन्यांना दिलं, आता पोरं बी आपणच देऊ," असा त्यांचा हिशेब होता. गणिताचे आधीचे मास्तर दुबईला गेले आणि त्यांच्या जागी हे साकोलीचे गृहस्थ आले. बुटके, सावळे, शर्टाचा खिसा खडूने कायमचा पांढरा झालेला.

शितोळे दारात येऊन म्हणाले, "सर, पोरं किती हायेत तेवढं बघा. खुर्च्या कमी पडत्याल."

सर मुलांना म्हणाले, "उभे रहा. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवा. मुलींना नमस्कार चालेल. नाव सांगा, गाव सांगा."

एका मुलाला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं. एक हस्तांदोलन झालं, की त्याने एक रेघ ओढायची. त्याची पाळी आली की दुसरा खडू धरायचा. पस्तीस मिनिटं वर्गात बाजार भरला होता. मी शेजारच्या खोलीत मुलाखतीतल्या शांतपणाविषयी शिकवत होते. ते सोडून दारात जाऊन उभी राहिले. शेवटी फळ्यावर एकशे पाच रेघा झाल्या.

"एकशे पाच," सर म्हणाले. "दुप्पट करा. दोनशे दहा. आता शेजारी शोधा. असे दोन लगतचे आकडे, की ज्यांचा गुणाकार दोनशे दहा."

"पंधरा आणि चौदा," मागून कोणीतरी म्हणालं.

"मग वर्गात पंधरा जण आहेत. प्रत्येकाने बाकीच्या चौदांशी हात मिळवला, पण दोघांचा हात एकच असतो ना जी. म्हणून ते दोनदा मोजल्या जाते. म्हणून दुप्पट."

पहिल्या बाकावर सदाशिव पेठेतला एक मुलगा होता. तो बसल्या बसल्या म्हणाला, "सर, हजेरीपटावर पंधराच लिहिलेत. पहिल्यापासून."

सरांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं. "हजेरीपटावर नावं लिहिली आहेत बेटा. तुझ्या शेजारच्याचं गाव कोणतं, सांग."

"उमरखेड," मुलगा म्हणाला, आणि स्वतःच जरा चकित झाला. तीन आठवडे तो त्या मुलाशेजारी बसत होता. त्याचं गाव त्याला त्या दिवशी कळलं होतं.

मुलं हा प्रश्न परीक्षेत कधी चुकली नाहीत. मेजवानीत सहासष्ट हस्तांदोलनं झाली तर माणसं किती, असला प्रश्न पुस्तकात रुक्ष दिसतो. आमच्या मुलांच्या मात्र तो तळहातात बसला होता.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना विचारलं, की सरळ का मोजत नाही. ते म्हणाले, "आई मोजू देत नव्हती. पंगतीत बसलेली माणसं मोजली, की एक कमी होते म्हणे. मी असलं काही मानत नाही, मॅडम."

"मग मोजा की."

"मानत नाही. पण मोजत बी नाही."

सर पुण्यात आले ते मुलीसाठी. पत्नी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. एकुलती एक मेघा इंजिनिअर होऊन हडपसरच्या एका कंपनीत लागली. मुलगी एकटी नको आणि आपणही एकटे नको, म्हणून यांनी शाळेतून लवकर निवृत्ती घेतली. घर शोधत होते. वारज्याला आमच्याच इमारतीत एक फ्लॅट रिकामा होता, तो मी सुचवला. त्या कृत्याबद्दल इमारतीतल्या काहींनी मला बरेच दिवस क्षमा केली नव्हती.

याचं कारण सरांना पुणेरी बोलण्यातला शब्द आणि अर्थ यांच्यातलं अंतर ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरचे दामले जिन्यात सहज म्हणाले, "या एकदा घरी." हे वाक्य आमच्याकडे निरोपासारखं वापरतात. सर त्याच संध्याकाळी सव्वासहाला तिळाच्या चटणीची बरणी घेऊन हजर झाले. दामले आतून म्हणाले, "कोण आहे?" सर म्हणाले, "मी जी, तुम्ही बोलावलं ना." पुढचा दीड तास ते बसले. दामलेकाकू मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो. पण येतो."

असे येता-जाता सर सगळ्या बिऱ्हाडांत फिरून आले आणि मग एका रविवारी माझ्याकडे वही घेऊन बसले.

"मॅडम, या इमारतीत बारा घरं आहेत. बारांच्या जोड्या सहासष्ट होतात. म्हणजे सहासष्ट ओळखी असायला पाहिजेत. मी विचारून पाहिलं. अठरा निघाल्या."

"अठरा म्हणजे खूप झाल्या, सर," मी म्हटलं. "इथे लोकांना प्रायव्हसी आवडते."

"बोलत काऊन नाहीत जी पण? भांडले का?"

"नाही हो. वेळ नसतो."

माझं हे उत्तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग गच्चीवरच्या खोलीत त्यांनी कॅरम बोर्ड आणून ठेवला आणि स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक घरातून एक खेळाडू. बाद फेरी वगैरे नाही, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं. डाव झाला, की भिंतीवरच्या वहीत फक्त एक रेघ मारायची. कोण जिंकलं तेसुद्धा लिहायचं नाही. "जिंकणाऱ्याला आठवतेच," सर म्हणाले, "आणि हरणाऱ्याला जास्त आठवते."

आश्चर्य म्हणजे लोक खेळले. ऑफिसहून आल्यावर गच्चीवर दिवा दिसायचा आणि सोंगट्यांचा आवाज यायचा. माझे यजमान, ज्यांना तिसऱ्या मजल्याच्या वर कोण राहतं हे ठाऊक नव्हतं, ते चौथ्या मजल्यावरच्या शिंदेंच्या स्ट्रायकरची तक्रार करू लागले. दीड महिना झाल्यावर सेक्रेटरींनी स्पर्धा संपल्याचं सांगितलं. सरांनी वहीतल्या रेघा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"त्रेसष्ट," ते म्हणाले. "त्रेसष्ट होत नाही."

"त्रेसष्टच आहेत. मी दोनदा मोजल्या," सेक्रेटरी म्हणाले.

"रेघा त्रेसष्ट असतील जी. पण त्रेसष्ट होत नाही. दुप्पट केली तर एकशे सव्वीस. एकशे सव्वीसला शेजारी नाहीत. सहासष्ट पाहिजेत. तीन जोड्या खेळल्याच नाहीत."

"असतील राहिल्या. काय फरक पडतो?"

पण सरांना फरक पडत होता. संध्याकाळी ते घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुम्ही किती डाव खेळलात. नऊ घरांनी अकरा सांगितलं. तीन घरांनी नऊ. दामले नऊ, शिंदे नऊ, आणि दुसऱ्या मजल्यावरचे खरे नऊ. सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"मॅडम, हे तिघं एकमेकांशीच खेळले नाहीत. त्रिकोण आहे हा."

त्रिकोण होताच. आम्हाला सगळ्यांना माहीत होता, फक्त त्याला कोणी आकृती म्हणत नव्हतं. दामले खऱ्यांशी बोलत नव्हते, कारण खऱ्यांची स्कूटर त्यांच्या खिडकीखाली लागायची. खरे शिंद्यांशी बोलत नव्हते, कारण शिंद्यांच्या ओल्या चादरी त्यांच्या गॅलरीत ठिबकत. आणि शिंदे दामल्यांशी बोलत नव्हते, कारण ठिबकणाऱ्या चादरींविषयीची सूचना जिन्यात दामल्यांच्या अक्षरात लागली होती. ही सगळी व्यवस्था आठ वर्षं सुरळीत चालली होती.

सरांनी तिघांना वेगवेगळं जाऊन सांगितलं, की वहीत चूक झाली आहे, जरा गच्चीवर या. तिघं आले आणि एकमेकांना पाहून जिन्याकडे वळले. जिन्याच्या तोंडाशी सर उभे होते.

"मला काही म्हणायचं नाही जी. भांडण तुमचं आहे, ते राहू द्या. फक्त माझा आकडा पुरा करा. तीन डाव. तोंडाने बोलायची गरज नाही. सोंगटी हाताने चालते."

आणि खरोखर ते तिघं आळीपाळीने बसून खेळले, एक अक्षर न बोलता. मी आणि दामलेकाकू पाण्याच्या टाकीआड उभ्या राहून बघत होतो. तिसऱ्या डावात खरे आणि शिंदे समोरासमोर होते. शिंद्यांनी राणी घेतली, पण पुढच्या फटक्यात कव्हरची सोंगटी हुकली, तरी राणी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. खऱ्यांना ते दिसलं, पण सांगायचं तर बोलावं लागणार. त्यांचा जीव कासावीस झाला. शेवटी ते छताकडे बघून म्हणाले, "राणी परत ठेवावी लागते, असा नियम आहे."

शिंदे भिंतीकडे बघून म्हणाले, "नियम आम्हाला ठाऊक हाय."

दामले मध्येच म्हणाले, "ठाऊक असेल तर ठेवा ना मग."

आठ वर्षांनंतरचं हे पहिलं संभाषण. ते वाढत जाऊन चादरींपर्यंत पोचलं, स्कूटरपर्यंत पोचलं, आणि तासाभराने तिघं अतिशय मोकळेपणाने भांडत खाली उतरले. पुढे ते रोज भांडू लागले. सरांनी सहासष्टावी रेघ मारली आणि वही बंद केली.

सरांची ही विद्या एकदा फार महागात पडायची वेळ आली होती. आमच्या क्लासची तीन मुलं एका कंपनीत लागली. त्यांनी आपल्या साहेबांना सांगून सरांना एका दुपारी गंमत म्हणून गणितावर बोलायला बोलावलं. मीही गेले होते. गळ्यात पाहुण्यांची पाटी अडकवून आम्ही काचेच्या खोलीत बसलो. साहेब तिशीचे. मोठ्या उत्साहात सांगत होते, की त्यांचं काम कोणा परदेशी बँकेचं आहे. काय काम ते सांगता येणार नाही. किती माणसं आहेत तेही सांगता येणार नाही, करारच तसा आहे. मग टीम एकजीव व्हावी म्हणून आपण काय काय केलं, याकडे वळले.

"आम्ही एक सुंदर उपक्रम केला. प्रत्येकाने प्रत्येकाबरोबर एकदा कॉफी घ्यायची. फक्त दोघांनी. मागच्याच आठवड्यात पूर्ण झाला. टोटल वन नाइंटी कॉफीज."

मी सरांच्या बाहीला हात लावेपर्यंत उशीर झाला होता.

"वीस," सर म्हणाले.

"सॉरी?"

"वीस माणसं आहेत तुमची. एकशे नव्वद दुणे तीनशे ऐंशी. वीस गुणिले एकोणीस."

साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग छतावरच्या कॅमेऱ्याकडे. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं ना जी, आता."

आम्हाला चहा न देता बाहेर पोचवलं गेलं. तिन्ही मुलांना दोन दिवस लेखी खुलासे द्यावे लागले. सर मात्र खरोखर दुःखी झाले होते. बसमध्ये मला म्हणाले, "मुलांची नोकरी जाईल का हो, मॅडम? मला तोंड आवरायला पाहिजे होतं." नोकऱ्या गेल्या नाहीत. पण त्यानंतर सर कोणाच्याही घरी गेले, की जोड्यांविषयी काही बोलणं निघालं तर पाणी मागायचे.

मग मेघाचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, अनिकेत जोगळेकर. वडील बँकेतून निवृत्त झालेले, कोथरूडचे, आणि शब्द वाया न घालवणारे. मुलांना साधं लग्न हवं होतं, दोन्हीकडची मोजकी माणसं, वारज्याचा छोटा हॉल. सरांची साकोलीकडची माणसं किती ते त्यांना माहीत होतं. प्रश्न मुलाकडच्यांचा होता.

"किती जण येतील आपल्याकडून?" सरांनी फोनवर विचारलं.

"येतील तेवढे येतील," जोगळेकर म्हणाले.

सर आठ दिवस बेचैन होते. पुन्हा विचारावं तर कंजूष दिसू, न विचारावं तर पानं कमी पडून मुलीला जन्मभर ऐकावं लागेल, असं त्यांना वाटत होतं. घरी कोणी बाईमाणूस नाही, म्हणून ते मला घेऊन जोगळेकरांकडे गेले. जोगळेकरांनी चहा दिला आणि मुलाची तक्रार सुरू केली.

"चिरंजीव अमेरिकेहून डिजिटल कॅमेरा घेऊन आलेत. परवा आम्ही सगळे पानशेतला गेलो होतो. तर यांचं म्हणणं, प्रत्येकाचा प्रत्येकाबरोबर एक फोटो पाहिजे. माझा माझ्या मेव्हण्याबरोबर फोटो. कशाला? दिवसभर उभे होतो उन्हात. सहाशे तीस फोटो. कंप्युटर बसला."

सरांचा कप हवेतच थांबला. त्यांनी पाणी मागितलं नाही.

"लग्नाला हीच सगळी येणार ना जी?" त्यांनी जपून विचारलं.

"पानशेतला होती तीच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

खाली रस्त्यावर येताच सर म्हणाले, "छत्तीस. बाराशे साठ. छत्तीस गुणिले पस्तीस." आणि स्वारगेटच्या दिशेने, म्हणजे चुकीच्या दिशेने, झपाझप चालू लागले. मी त्यांना इतकं हलकं कधी पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मुलाकडच्यांच्या पंगतीत त्यांनी मोजून छत्तीस पानं मांडायला लावली आणि अनिकेतच्या पानाशेजारी मेघाचं सदतिसावं. पानं मोजायला त्यांची हरकत नव्हती. मंडळी बसली, वाढप सुरू झालं, आणि पंगतीच्या टोकाला एक पान रिकामं राहिलं.

सर माझ्यापाशी आले. घामाघूम झाले होते. "मॅडम, कोणीतरी रुसलं."

"कोणी हात धुवायला गेलं असेल."

"नाही जी. मी नळापाशी बघून आलो. गाड्यांपाशी बी बघून आलो. तुम्ही जरा मोजा ना."

मी मोजलं. मेघा धरून छत्तीस. एक माणूस खरंच कमी होता. सर पंगतीच्या मागून दोनदा फिरले. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते, आत्या आली का, मेव्हणे बसले का. तो रिकामा पाट त्यांना स्वतःचा अपराध वाटत होता. मुलीकडच्यांनी कोणाला तरी नीट बोलावलं नाही, हे आता कायम बोललं जाणार. शेवटी ते जोगळेकरांसमोर हात जोडून वाकले.

"माझं काही चुकलं असेल तर सांगा जी. कोण राहिलं जेवायचं? मी स्वतः जाऊन आणतो."

जोगळेकरांनी वरण कालवता कालवता वर पाहिलं. "कोणी राहिलेलं नाही."

"छत्तीस पाहिजेत. सहाशे तीस फोटो होते."

जोगळेकर थांबले. त्यांनी मनातल्या मनात आकडा केला. बँकेतले होते, फार वेळ लागला नाही. मग त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं, आणि मेघाने मान खाली घातली.

"छत्तीसच आहेत, लांजेवार," ते म्हणाले. "तुमची मुलगी होती पानशेतला. तिला धरून छत्तीस. तुम्ही तिला पुन्हा वेगळी धरलीत."

मेघा त्या रविवारी ऑफिसच्या सहलीला गेली होती, असं सरांना माहीत होतं. लग्नाआधी सासरच्यांबरोबर दिवसभर गेलेलं बाबांना चालेल की नाही, या भीतीने तिने तसं सांगितलं होतं. "बाबा, सॉरी," ती हळूच म्हणाली. "पस्तीस फोटो आहेत माझे. प्रत्येकाबरोबर."

सरांना रागवायचं होतं की काय, कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं उत्तर बरोबर येऊन गणित चुकलं होतं. ते तसेच उभे राहिले, आणि हातातलं उपरणं त्यांनी डोळ्यांना लावलं.

"उभे काय राहिलात?" जोगळेकर म्हणाले. "पान वाढलेलं आहे. अन्न वाया जाईल. बसा."

"मी मुलीचा बाप आहे जी. आमचं मागून."

"बसा म्हणतो ना."

सर बसले. साकोलीची मंडळी दारातून आ वासून बघत होती. पुढच्याच महिन्यात आम्ही यजमानांच्या नोकरीमुळे बंगलोरला गेलो. नंतर सर मुलीजवळच राहायला गेल्याचं ऐकलं, भेट काही झाली नाही. त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या पंगतीतच. शेजारी जोगळेकरांच्या थोरल्या आत्या बसल्या होत्या, नव्वदीच्या, ऐकायला कमी येणाऱ्या. त्यांनी या नव्या माणसाला नीट न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?"

सरांनी पुरीचा तुकडा मोडला, बासुंदीत बुडवला आणि सावकाश सांगितलं, "मुलाकडचा जी."